सोलापूरच्या गारगोटीतून किरणोत्साराची मात्रा कशी मोजायची

लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासल्या की त्यांच्या पोटात क्षणभर पिवळसर उजेड पडायचा आणि जळकट वास यायचा. माळरानाच्या काठच्या आमच्या गावात हा खेळ प्रत्येक पोराला ठाऊक होता. तो उजेड घासण्याचा. त्याच गारगोटीत आणखी एक उजेड असतो, तो तापवल्यावर बाहेर येतो. तो किती येतो, यावरून त्या दगडाने किती किरणोत्सार सोसला हे सांगता येतं. या दुसऱ्या उजेडाला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात. हा लेख त्याच्यासाठी आहे.

एम.एस्सी.ला आलेली मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत येतात तेव्हा बहुतेकांना प्रयोगशाळेत बनवलेला फॉस्फर, म्हणजे ऊर्जा साठवून प्रकाश देणारा पदार्थ, हवा असतो. मी त्यांना आधी घरच्या बांधावरचा दगड आणायला सांगतो. विकतच्या फॉस्फरचे आकडे छापील मिळतात, गारगोटीचे आपले आपल्याला काढावे लागतात. ते काढताना मात्रा मोजणं म्हणजे काय हे खरं कळतं.

हे शिकायला आणखी एक कारण आहे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत फोडला गेला. काही माणसं गंभीर आजारी पडली, एकाचा जीव गेला. भंगारात काम करणाऱ्यांच्या छातीवर किरणोत्सार मोजणारा बॅज नसतो. अशा वेळी आजूबाजूच्या निर्जीव वस्तूंनाच विचारावं लागतं. हिरोशिमात कौलं आणि विटांमधल्या क्वार्ट्‌झवरून (गारगोटीचं खनिज तेच) बॉम्बच्या गॅमा किरणांची मात्रा अशीच नंतर काढली गेली. चेर्नोबिलच्या परिसरातही विटांनी हेच काम केलं.

आधी आत काय घडतं ते समजून घ्या

तहसील कचेरीच्या आवारातलं पर्जन्यमापक आठवा. पाऊस पडतो, पाणी आत साठतं, आणि कोणी येऊन ओतून मोजेपर्यंत ते तिथेच राहतं. गारगोटीचं स्फटिकही असंच आहे. गॅमा किंवा बीटा किरण आत शिरले की इलेक्ट्रॉन जागेवरून उडतात. बहुतेक लगेच परत येतात, पण काही स्फटिकातल्या उणिवांपाशी, म्हणजे सापळ्यांत, अडकतात. जितका किरणोत्सार जास्त, तितके अडकलेले इलेक्ट्रॉन जास्त. दगड तापवला की ते सुटतात, आपल्या जागी जाताना प्रकाश देतात, आणि तो प्रकाश आपण मोजतो.

पर्जन्यमापकाच्या सगळ्या अडचणी इथेही आहेत. मोजायला सुरुवात करण्याआधी भांडं रिकामं असलं पाहिजे. किती खुणेला किती मिलिमीटर, हे त्याच्या सोबतच्या काचपात्रानेच कळतं. मे महिन्याच्या उन्हात पाणी उडून जातं. आणि भांडं काठोकाठ भरलं की पुढचा पाऊस मोजला जात नाही. रिकामं करणं, खुणा पाडणं, गळती आणि भरून जाणं, या चार गोष्टी डोक्यात ठेवल्या तर पुढची प्रत्येक पायरी का आहे ते आपोआप उमगेल.

मात्रेचं एकक ग्रे. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. कर्करोगावरच्या किरणोपचारात एका बैठकीला गाठीला सहसा २ ग्रे देतात. गारगोटीला ही मात्रा अगदी सहज दिसते. छातीच्या एक्स-रेची मात्रा याच्या हजारो पटींनी कमी, ती नैसर्गिक गारगोटीच्या आवाक्यात नाही. म्हणून सुरुवातीचे प्रयोग अर्धा ते पाच ग्रेच्या टप्प्यात करा.

दगड शोधणं

सोलापूर जिल्ह्याच्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे पुढे सिलिकाने भरले, त्याच आपल्या गारा. नवी विहीर खोदली की बाहेर टाकलेल्या मुरमाच्या ढिगात त्या हमखास सापडतात. नांगरटीनंतर शेतकऱ्याने वेचून बांधावर टाकलेल्या दगडांत असतात, सीना नदीच्या काठच्या वाळूगोट्यांत असतात. शेतमालकाला विचारून घ्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीतून मात्र खडाही उचलू नका.

पांढरं दिसतं ते सगळं गारगोटी नसतं. बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट आणि झिओलाइटही पांढरेच असतात आणि नवखा माणूस इथेच फसतो. काचेच्या बाटलीवर ओरखडा काढून पाहा. गारगोटी काच कापते, बाकीची दोन्ही नाही. पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाका. कॅल्साइट फसफसतं. झिओलाइट परीक्षानळीत तापवलं की नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. हे खनिज तापवताना पाणी सोडत राहतं, त्यामुळे आपल्या कामाचं नाही.

आपल्याकडची बरीचशी गारगोटी म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं कॅल्सेडनी किंवा अकीक. मोठं, पारदर्शक, सहा बाजूंचं क्वार्ट्‌झ हवं असेल तर पोकळ गोटा फोडून आतल्या भिंतीवरची टोकं काढा. दोन्ही चालतात, पण एकत्र करू नका. त्यांची संवेदनशीलता वेगळी असते, कधीकधी खूपच वेगळी.

दळणं, आणि इथे घाई करू नका

दगड कापडात गुंडाळून हातोडीने फोडा. मग लोखंडी खलबत्त्यात थोडं थोडं कुटा आणि चाळत राहा. ९० ते १५० मायक्रॉनमधली पूड ठेवायची. वरचं राहिलेलं पुन्हा कुटा, खालचं पीठ बाजूला काढा. एकदम पीठ करण्याचा मोह आवरा. पूड फार बारीक झाली की घासण्याचा तो लहानपणीचा उजेड आपल्या मोजमापात घुसतो. दळताना पृष्ठभागाला बसलेल्या धक्क्यांचा हा खोटा प्रकाश तापवताना खऱ्या प्रकाशात मिसळतो, आणि नवख्याला वाटतं मात्रा जास्त आहे.

गारगोटीची धूळ फुप्फुसासाठी घातक आहे. दगडखाणीतल्या कामगारांना होणारा सिलिकोसिस याच धुळीने होतो. कुटताना पाण्याचे थेंब टाकून पूड ओलसर ठेवा, चांगला मास्क लावा, आणि हे काम पंख्याखाली करू नका. तोंडावर रुमाल बांधणं पुरेसं नाही.

पुडीवरून जोरदार चुंबक फिरवा. खलबत्त्याचं लोखंड आणि पाषाणातलं मॅग्नेटाइट निघून येईल. नंतर पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये पूड तासभर ठेवा, उरलंसुरलं कॅल्साइट विरघळेल. डिस्टिल्ड वॉटरने धुवा, लिटमस बदलायचा थांबेपर्यंत. शेवटी ५० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवा.

शोधनिबंधांत यापुढे हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडची पायरी लिहिलेली असते. फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाचे कण काढण्यासाठी आणि कणांचं वरचं कवच खरवडण्यासाठी ती असते. नवशिक्याने ती करायची नाही. हे अ‍ॅसिड त्वचेतून आत जातं, हाडापर्यंत पोचतं, आणि सुरुवातीला दुखतही नाही. पोकळीतली निवडक गारगोटी घेतली असेल तर आपल्या कामाला त्याची गरजही पडत नाही.

भांडं रिकामं करणं

कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या गारगोटीचे सापळे गच्च भरलेले असतात. आजूबाजूच्या मातीतलं पोटॅशियम, युरेनियम, थोरियम रोज थोडं थोडं टाकत आलेलं असतं. अशा भरलेल्या भांड्यावर आणखी दोन ग्रे टाकले तर फरक दिसणार कुठे?

म्हणून पूड पोर्सलीनच्या क्रुसिबलमध्ये घालून मफल फर्नेसमध्ये ५०० अंश सेल्सिअसला एक तास ठेवा. तापमान हळूहळू चढवा. कॅल्सेडनीच्या आत अडकलेलं पाणी एकदम तापलं तर कण तडतडून उडतात. ५७३ अंशांना क्वार्ट्‌झची रचना बदलते, तिकडे जाऊ नका. थंड करण्याची पद्धत एकच ठरवा. भट्टीचं दार बंद ठेवून रात्रभर, किंवा बाहेर काढून धातूच्या पत्र्यावर. कोणतीही चालेल, पण दर वेळी तीच. गरम करून थंड करण्याच्या रीतीने गारगोटीची संवेदनशीलता बदलते, आणि दोन घाण्यांमधला फरक नंतर कशानेच भरून निघत नाही.

म्हणून मी सांगतो, पूर्ण प्रकल्पाला लागणारी पूड एकाच घाण्यात भाजा. वीस ग्रॅम भाजली तर वर्षभर पुरते.

भाजल्यावर त्यातली चिमूटभर पूड वाचकयंत्रात, म्हणजे पूड तापवून तिचा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात, तापवून पाहा. आलेख जवळपास सपाट आला, शेवटी फक्त तापलेल्या पट्टीच्या लालीमुळे वर गेला, तर भांडं रिकामं झालं असं समजा. इथून पुढे पूड काळ्या कागदात गुंडाळून फिल्मच्या डबीत ठेवायची आणि खोलीत मंद लाल दिवाच लावायचा. उजेडानेही काही सापळे रिकामे होतात. क्वार्ट्‌झचा प्रकाश-उत्तेजित सिग्नल, म्हणजे उष्णतेऐवजी प्रकाश टाकून बाहेर काढायचा उजेड, तर भर उन्हात मिनिटभरातच बहुतांश जातो.

ठरावीक मात्रा देणं

हे काम घरी होत नाही आणि करायचंही नाही. किरणोत्सारी स्रोत बाळगायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. तुमच्यासाठी दोन रस्ते आहेत. ज्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत परवानाधारक स्ट्रॉन्शियम-९० चा बीटा स्रोत किंवा कोबाल्टचा गॅमा स्रोत आहे तिथे मार्गदर्शकांच्या पत्रासह विनंती करा. दुसरा रस्ता कर्करोग रुग्णालयातल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांचा. रुग्णांची वेळ संपल्यावर, किरणोपचाराच्या यंत्राखाली म्हणजे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरखाली काही पुड्या ठेवायला ते तयार होऊ शकतात. आदराने विचारा, त्यांच्या सोयीने जा.

पुड्या करताना ५० मिलिग्रॅम पूड पातळ काळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद करा. त्या यंत्राच्या ६ एमव्हीच्या (मेगाव्होल्ट) किरणांसाठी पुडीवर दीड सेंटिमीटर जाडीचा अ‍ॅक्रिलिकचा थर लागतो, कोबाल्टसाठी अर्धा सेंटिमीटर. एवढ्या खोलीवर मात्रा पूर्ण वाढलेली असते. थर न ठेवता पुडी उघडीच ठेवली तर तिला सांगितल्यापेक्षा कमी मात्रा मिळते. ०.५, १, २ आणि ५ ग्रे अशा चार पुड्या, एक शून्य मात्रेची सोबत प्रवास करणारी, आणि एक अशी जिची मात्रा फक्त तज्ज्ञांना माहीत असेल. ती शेवटची पुडी तुमची परीक्षा.

शून्य मात्रेची पुडी विसरू नका. प्रवासात, कपाटात, उन्हात जे जे घडलं ते सगळं तिच्यावरही घडतं.

माझ्या पहिल्या प्रकल्पात मी मे महिन्यात पुड्या परगावाहून आणल्या. त्या मोटारसायकलच्या डिकीत होत्या, दुपारचे दोन वाजले होते. सोलापूरच्या उन्हात डिकीचं झाकण हाताला चटका देतं हे मला माहीत होतं, पण पूड आत काय भोगतेय याचा विचार केला नाही. घरी येऊन वाचन घेतलं तर क्वार्ट्‌झचं ११० अंशांचं शिखर, म्हणजे त्या तापमानाला येणाऱ्या प्रकाशाचा आलेखातला उंचवटा, नाहीसं झालेलं. हे शिखर साध्या खोलीच्या तापमानालाही काही तासांत विरतं, तापलेल्या डिकीत तर त्याला काही वेळच लागला नाही. मी दोन आठवडे यंत्र बिघडलं म्हणून चिडत होतो. आता पुड्या थर्मासच्या बरणीत आणतो आणि वहीत किरण दिल्याची वेळ मिनिटासकट लिहितो.

वाचन

वाचकयंत्रात एक धातूची पट्टी असते, तिच्यावर पूड पसरायची. पट्टी ठरावीक वेगाने तापते, वर फोटोमल्टिप्लायर नळी प्रकाश मोजते, आणि तापमानाविरुद्ध प्रकाशाचा आलेख उमटतो. त्याला ग्लो कर्व्ह म्हणतात.

दर वेळी ५ मिलिग्रॅम पूड, वजनकाट्यावर तोलून, एका थरात पसरा. ढीग झाला तर वरचे कण उशिरा तापतात आणि शिखर फुगतं. पट्टीभोवती नायट्रोजन सोडा. हवेतला ऑक्सिजन असला की दळण्याचा तो खोटा उजेड वाढतो. सेकंदाला २ अंश वेगाने ४०० अंशांपर्यंत जा. वेग बदलू नका, कारण वेग वाढला की शिखरं वरच्या तापमानाकडे सरकतात आणि कालचा आलेख आजच्याशी जुळत नाही. पहिलं वाचन झालं की तीच पूड तशीच पुन्हा तापवा. दुसऱ्या वेळी येतो तो फक्त पट्टीच्या तापण्याचा प्रकाश. तो पहिल्यातून वजा करा.

क्वार्ट्‌झमध्ये साधारण ११०, ३२५ आणि ३७५ अंशांच्या आसपास शिखरं दिसतात. आपल्या कॅल्सेडनीत ती अनेकदा एकमेकांत मिसळून रुंद उंचवटा होतो, घाबरू नका. मात्रेसाठी ११० चं शिखर घेऊ नका, ते गळतं भांडं आहे. वाचनाआधी पूड १६० अंशांवर दहा सेकंद धरून ते काढून टाका आणि ३०० ते ४०० अंशांमधलं क्षेत्रफळ मोजा. प्रत्येक मात्रेची पाच वाचनं घ्या. पाचांत एक फारच वेगळं आलं तर ते लगेच खोडू नका. त्या दिवशीची पट्टी, वजन, नायट्रोजन तपासा, कारण सापडलं तरच वगळा.

एकदा तापवलेली पूड परत वापरायचा मोह होईल. टाळा. किरण मिळून तापलेली गारगोटी पुढच्या वेळी जास्त प्रकाश देते. तिचा हा गुण जुन्या विटांची मात्रा काढायला मुद्दाम वापरतात, पण सुरुवातीला तो फक्त गोंधळ घालतो.

आकडा काढणं

समजा पार्श्वभूमी वजा करून सरासरी क्षेत्रफळं अशी आली: अर्ध्या ग्रेला २४,६००, एक ग्रेला ४८,९००, दोन ग्रेला ९७,३००. मात्रा दुप्पट केली की क्षेत्रफळही जवळपास दुप्पट, म्हणजे या टप्प्यात रेषा सरळ आहे. गुपित पुडीचं ६२,३०० आलं. एक आणि दोन ग्रेमधल्या फरकाचे ४८,४००, आणि आपला आकडा एक ग्रेच्या वर १३,४००. भागाकार केला तर ०.२८. म्हणून मात्रा सुमारे १.२८ ग्रे. पाच वाचनांतला पसारा शेकडा आठ असेल तर अधिक-उणे ०.१ ग्रे लिहा. १.२७७ असं तीन स्थळांपर्यंत लिहिणाऱ्या मुलाला मी वही परत देतो.

पाच ग्रेची पुडी रेषेच्या वर किंवा खाली गेली तर तेही जसंच्या तसं काढा. क्वार्ट्‌झ काहीशे ग्रेपाशी भरून जातं, पण रेषा कुठे वाकायला लागते हे प्रत्येक दगडाचं वेगळं असतं, आणि तुमच्या विहिरीच्या गारगोटीचं ते तुम्हीच शोधायचं आहे.

एक मर्यादा लक्षात असू द्या. गॅमा किरणांनी पाडलेल्या खुणा कमी ऊर्जेच्या एक्स-रेला लागू होत नाहीत. गारगोटी शरीराच्या ऊतींपेक्षा जड अणूंची आहे, त्यामुळे कमी ऊर्जेला ती ऊतींपेक्षा जास्त शोषते आणि मात्रा फुगवून सांगते. फ्लोराइट या खनिजात हा दोष आणखी मोठा. ज्या किरणांची मात्रा हवी, त्याच जातीच्या किरणांनी खुणा पाडा.

गारगोटीनंतर

आपल्या काळ्या जमिनीतल्या चुनखडीच्या गाठी म्हणजे कॅल्साइट. मँगनीजमुळे ते नारिंगी प्रकाश देतं आणि अंधारात पट्टीकडे पाहिलं तर कधीकधी डोळ्यांनाही दिसतं. विद्यार्थ्यांना दाखवायला याच्यासारखं काही नाही. कॅल्साइट अ‍ॅसिडने धुताना मात्र जपून, दगडच विरघळून जाईल. फेल्डस्पार तेजस्वी असतं पण साठवलेली मात्रा आपोआप गळते, नवख्याने त्याच्यावर विसंबू नये. फ्लोराइट हवं असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचं प्रसिद्ध आहे. त्याच्या प्रकाशापुढे गारगोटी फिकी पडते. स्वयंपाकघरातलं मीठही उत्तम मात्रामापक आहे, पण त्यासाठी निळ्या एलईडीने उत्तेजित करणारं यंत्र लागतं आणि मिठाची पुडी एका क्षणाचाही उजेड सहन करत नाही.

विटेकडे वळाल तेव्हा ती भट्टीतून निघून किती वर्षं झाली याचा विचार करा. भाजताना वीट रिकामी होते आणि त्या दिवसापासून पुन्हा भरायला लागते. वर्षाला ३ मिलिग्रे धरले तर पन्नास वर्षांच्या वाड्याच्या विटेत १५० मिलिग्रे आधीच साठलेले असतात. अपघाताची लहान मात्रा त्यात बुडून जाते, म्हणून नव्या घराची वीट जास्त उपयोगी.

गारगोटीची पुडी खिशात ठेवून एक्स-रे विभागात काम करू नका. त्या कामासाठी भारतात १९७५ पासून कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोशियमच्या चकत्यांचा टीएलडी (थर्मोल्युमिनेसन्सवर चालणारा मात्रामापक) बॅज आहे, तो कायद्याने लागतो. त्याच्या तीन चकत्यांपैकी दोन वेगवेगळ्या गाळण्यांखाली असतात आणि तिसरी उघडी, म्हणून कोणत्या ऊर्जेचे किरण आले हेही त्याला कळतं. आपल्या साध्या पुडीला ते कळत नाही. किरणोत्साराशी काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (सिव्हर्ट म्हणजे शरीरावरच्या परिणामाच्या हिशोबाने मोजलेल्या मात्रेचं एकक) मर्यादा आहे, आणि इतका लहान आकडा तोलायला तो बॅजच हवा.

पहिल्या घाण्यातली निम्मी पूड तरी न वापरता ठेवून द्या. डबीवर दगड कुठल्या विहिरीचा, कोणत्या तारखेला भाजला, किती तास, कसा थंड केला हे पेन्सिलीने लिहा. शाई भट्टीजवळ उडते. पुढच्या वर्षी दुसरा कोणी त्याच पुडीवर काम करेल तेव्हा त्याला तुमच्या सरळ रेषेवर स्वतःचा एक बिंदू टाकून पाहता येईल.